गुरुवारचे रोजे

राजिवडा, रत्नागिरी
रविवार, १७ ऑगस्ट २०२५

सलाम.

यासीनमामू मंगळवारी मस्कतला निघालेत. आईंनी त्यांच्या बॅगेत सुक्या कोळंबीचे सोडे, कोकम आणि तांदळाचे पापड कोंबलेत. पत्र सोड्यांजवळ ठेवू नका, अशी मी मामूंना ताकीद दिली आहे. मागच्या पत्राला आठवडाभर वास येत होता आणि खोलीतल्या सगळ्यांना जेवायची आठवण होत होती, असं तुम्हीच लिहिलं होतंत.

शुक्रवारी फोनवर काही बोलता आलं नाही. आई स्पीकर लावतात आणि अर्धी आळी येऊन बसते. "बरी आहेस?" "बरी आहे." झालं आपलं बोलणं. मेसेज करावा तर तुम्ही अंगठा पाठवता. लग्नाला चार वर्षं झाली, त्यात तुम्ही दोनदा घरी आलात, आणि बाकीचा संसार मी अंगठ्याशी करते आहे. म्हणून म्हणते, पत्र सोडायचं नाही. फोन सगळ्यांचा, कागद आपला, हे ठरलंय ना आपलं?

कॅमेरा अजून दुरुस्त केला नाहीत? जूनपासून तुमचं तोंड पाहिलं नाही. सोहारमध्ये मोबाइलचं एकही दुकान नाही का हो?

आता एक सांगते, पण घाबरायचं नाही. गेल्या बुधवारी दवाखान्यात माझ्या डोळ्यात हायपो उडालं. दाताच्या मुळातली घाण धुवायला आम्ही वापरतो ते औषध, घरच्या ब्लीचचंच भावंड. मी ते बाटलीतून सिरिंजमध्ये भरत होते आणि संरक्षणाचा चष्मा चढवला होता कपाळावर. उकाड्यानं काचांवर वाफ धरते, दिसत नाही. सर पेशंटजवळून ओरडले, "नळ! आधी नळ!" आणि काउंटरवरची दीपाली धावत आली. तिनं माझी मान बेसिनमध्ये वाकवली ती पंधरा मिनिटं सोडलीच नाही. मी रडतेय, ओढणी भिजलीय, आणि ही वर म्हणते, "डोळा उघडा ठेव, नाहीतर चापट मारीन." दोन दिवस लाल होता, आता स्वच्छ आहे. देवदत्त सरांनी दुसऱ्या दिवशी भिंतीवर कागद लावला: चष्मा नाकावर. बाहेर बसलेले पेशंट तो वाचतात आणि आपापला चष्मा सारखा करतात.

आईंची खालची दाढ पुन्हा ठणकायला लागलीय. अंगानंही उतरल्यात. साखरेची गोळी घेतात, मी रोज विचारते. बकरी ईदला येणार होतात, मग पाऊस सरल्यावर म्हणालात. पाऊस आता ओसरू लागलाय, आणि आई दाराकडे तोंड करूनच बसतात.

तुमची हाजरा


सोहार, ओमान
शुक्रवार, ५ सप्टेंबर २०२५

प्रिय हाजरा,

सलाम. पत्र मिळालं, सोड्यांचा वास न लागता. सोडे मात्र हर्षदनं त्याच दिवशी संपवले. लोट्याच्या कारखान्यात एका शिफ्टमध्ये होतो तेव्हाही तो माझाच डबा खायचा.

तुझ्या डोळ्याचं वाचून माझा जीव थाऱ्यावर नाही. नीट सांग मला. दुसऱ्या दिवशी धूसर दिसत होतं का? उजेडाकडे बघवत होतं का? डोळ्यावर पांढरं काही आलं होतं का? सर काय म्हणाले, धुवायला उशीर झाला असता तर काय झालं असतं? औषधानं भरून येतं का, की येत नाही? सगळं विचारून लिही. तुझ्याजवळ दीपाली होती हे नशीब. तिला माझा सलाम सांग.

तुला आवडणार नाही असं एक लिहायचं आहे. पाऊस सरल्यावरचं जमत नाही. नवा साहेब आलाय, त्यानं सुट्ट्या अडवल्यात. जानेवारीत बघू म्हणतो. आईला तूच सांग. मी फोनवर सांगितलं तर ती गप्प बसते, आणि तिचं गप्प बसणं इथपर्यंत ऐकू येतं.

तिची दाढ मात्र काढून टाक. मी येईन तेव्हा तिनं माझ्या पुढ्यात बसून मटण चावलं पाहिजे.

इथे दुपारी वारा आला की मी भाट्याच्या पुलावर उभा आहे असं समजतो. मग राजिवड्यात शिरतो, आपल्या दारात येतो, आणि तू कामावरून यायची असतेस म्हणून पायरीवर बसतो. त्यापुढे जात नाही. पुढे गेलो तर इथलं काम होत नाही.

अक्षर वाकडं आलंय, ओळी उतरल्यात. घाईत लिहितोय.

तुझा मुझम्मिल


राजिवडा
रविवार, २८ सप्टेंबर २०२५

सलाम.

परवा फोनवर आई तुम्हाला म्हणाल्या, "तुझ्या बायकोनं माजा रोजा मोडलान." तुम्ही विचारलंत, "हाजरा, हे काय?" आणि मी सगळ्या आळीसमोर "पत्रात लिहिते" म्हणाले. तुम्ही फोन ठेवलात तो राग मला कळला. आता शांतपणे वाचा.

गुरुवारी त्यांना दाढेसाठी घेऊन गेले. दीपालीनं नेहमीचं विचारलं: साखर आहे का, गोळी घेतली का, खाऊन आलात का. आईंनी मान हलवली. मी शेजारी उभी. मलाही ती मान 'हो'चीच वाटली. सरांनी जबडा सुन्न करायचं इंजेक्शन दिलं. आई धीराच्या, डोळेसुद्धा मिटले नाहीत. खालचा ओठ जड झाला का म्हणून सर विचारतात, तर आई काहीतरी भलतंच बोलायला लागल्या. "मुझम्मिलचा डबा भरलास काय गो? एसटी चुकंल त्याची." माझ्या हातात त्यांचा हात होता, तो गार पडला आणि घामानं निसटायला लागला.

सरांना आधी वाटलं, भीतीनं चक्कर आली. मी खुर्ची आडवी केली, पाय वर घेतले, ऑक्सिजन लावला. रंग परत येईना. सर म्हणाले, "साखर बघ." बोटाला सुई टोचली आणि यंत्रातला आकडा मी दोनदा वाचला, इतकी साखर खाली गेली होती. गिळता येत होतं, म्हणून ग्लुकोजचं पाणी पाजायचं ठरलं. पण तोंडाची उजवी बाजू सुन्न केलेली. जे घालीन ते ओठातून बाहेर गळतंय, हनुवटीवरून गळ्यात उतरतंय. मग मी डाव्या गालात बोट घालून जागा केली आणि थेंब थेंब सोडलं. "गिळा आई, गिळा," एवढंच मी म्हणत होते. दुसरं काही मला त्या वेळी सुचत नव्हतं.

त्या शुद्धीवर आल्या आणि पहिला प्रश्न केला, "काय घातलंस तोंडात?"

मी म्हटलं, "साखर."

"माजा रोजा होता."

मी म्हटलं, "आई, तुम्ही खाल्लंय म्हणालात. रोज्यात खोटं बोललात?"

"मी बोलले नाय. मान हालवली."

सुन्न ओठानं नीट रडताही येत नव्हतं त्यांना. दाढ तशीच राहिली. रिक्षात बसल्यावर त्यांनी सांगितलं ते तुम्हाला सांगायचं नाही अशी त्यांची अट आहे, आणि मी ती मोडते आहे. बकरी ईदला तुम्ही आला नाहीत तेव्हा त्यांनी मन्नत मागितली: मुलगा उंबऱ्यात पाऊल ठेवेपर्यंत दर गुरुवारी रोजा. मी सकाळी कामाला जाते, संध्याकाळी उशिरा येते. मधे त्या उपाशी होत्या हे मला कधी कळलंच नाही. पहाटे गोळी घ्यायच्या आणि दिवसभर काही नाही. इंजेक्शनचा काही दोष नव्हता.

आता त्या माझ्याशी बोलत नाहीत. माझ्यामुळे मन्नत तुटली आणि म्हणून तुम्ही यायचे नाहीत असं त्यांच्या मनानं घेतलंय. पुढच्या गुरुवारी पुन्हा धरणार म्हणतात. सरांनी स्पष्ट सांगितलंय की असंच चाललं तर कधीतरी घरात एकट्या पडतील आणि कोणाला कळणारही नाही.

मी तुम्हाला आजवर कधी 'या' म्हणून हट्ट केला नाही. पण जानेवारी फार लांब आहे. आईंसाठी या.

तुमच्या प्रश्नांची उत्तरं: धूसर नव्हतं, पांढरं काही आलं नाही. सर म्हणाले, उशीर झाला असता तर बुबुळावरचा पारदर्शक पडदा जळाला असता, आणि जळलेलं नुसत्या औषधानं भरून येत नाही. माझी एवढी काळजी करू नका. माझा डोळा धडधाकट आहे.

हाजरा


सोहार
शुक्रवार, १० ऑक्टोबर २०२५

प्रिय हाजरा,

तुझं पत्र वाचलं आणि कामावर गेलो नाही. हर्षदनं काय झालं म्हणून विचारलं, त्यालाही वाचायला दिलं. तो म्हणाला, "आता तरी सांग वहिनीला, नाहीतर मी फोन करतो."

मी फोनवर रागावलो ते विसर. तू माझ्या आईला परत आणलंस.

माझ्या फोनचा कॅमेरा चांगला आहे. बकरी ईदच्या आधल्या आठवड्यात कॉस्टिकच्या पंपाचा जोड उघडत होतो. लाइन रिकामी आहे असं वरून सांगितलं होतं, पण आत ते जाळणारं कॉस्टिक होतं आणि थेट तोंडावर उडालं. माझाही चष्मा कपाळावर होता, हाजरा. काचेवर वाफ धरली म्हणून. तुझं ऑगस्टचं पत्र वाचत होतो तेव्हा त्या ओळीवर मी थांबलो आणि हर्षदला म्हटलं, आमचं लग्न वर ठरलं होतं हे आता पटलं.

डोळे धुवायचा नळ जवळच होता. पण दोन्ही डोळे मिटले होते आणि मी उलट्या बाजूला चाचपडत गेलो. हर्षदनं ओढून आणेपर्यंत उशीर झाला. तुझ्या दीपालीसारखी कोणी मान धरली असती तर! उजवा वाचला. डाव्यानं उजेड आणि सावली एवढंच कळतं. त्यावर पांढरट आलंय. बघणाऱ्याला आधी तेच दिसतं. लिहिताना ओळ कुठे जाते ते कळत नाही.

साहेबानं सुट्टी अडवलेली नाही. मीच मागितली नाही. डॉक्टर म्हणतात बुबुळावरचा पडदा बदलायचं ऑपरेशन होऊ शकतं, नंबर लागायला वेळ आहे. वाटलं, डोळा नीट करून मगच घरी जावं. आईनं चांगला मुलगा पाठवला होता, तसाच तिला परत मिळावा. आणि तुझंही मनात होतं. तू मला दाराशी बघितल्याबरोबर तुझ्या तोंडावर काय येईल, ते बघायची हिंमत माझ्यात नाही. उजव्या डोळ्याला ते स्पष्ट दिसलं असतं.

मी तिकडे यावं म्हणून ती उपाशी राहते, आणि तिनं बघू नये म्हणून मी इथे थांबलोय. काय करू, तूच सांग. फक्त आईला डोळ्याचं सांगू नकोस. काहीतरी समजूत काढ, रोजे सोडव.

मुझम्मिल


राजिवडा
रविवार, २६ ऑक्टोबर २०२५

सलाम.

सांगू नकोस म्हणालात, मी सांगितलं. एकटीनं ते पोटात ठेवणं मला जमलं नाही. पत्र वाचल्यापासून माझ्या हातून दवाखान्यात ट्रे पडला, घरी दूध उतू गेलं, आणि आईंनी चौथ्या दिवशी अबोला सोडून विचारलं, "काय झालांय तुना?"

मी सांगत होते तेव्हा त्या तांदूळ निवडत होत्या. हात थांबला नाही. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "कंचा डोला?"

"डावा."

"उजव्यान दिसताय ना?"

"दिसतंय."

मग सूप बाजूला ठेवलं आणि तोंडाला पदर लावून ज्या रडल्या, तसं रडताना मी त्यांना मामंजी गेले तेव्हाही पाहिलं नव्हतं. मला म्हणाल्या, "मी हिकडं अल्लाकडं हट्ट धरून बसलंय, पोराला धाड, पोराला धाड. आन पोर तिकडं डोला धरून बसलाय. त्याला बरा कर म्हणून मागायचां सोडून मी काय मागत बसलंय!"

दुसऱ्या दिवशी मी त्यांना मौलानांच्या घरी नेलं. त्यांनी समजावलं की आजारी माणसाला सूट आहे, रोज्याऐवजी गरिबांना जेवू घाला, मन्नतीचं ओझं मनावर ठेवू नका. आईंनी स्वतः उभं राहून खिचडा रांधला आणि बंदरावरच्या खलाशांना वाढला. गेल्या गुरुवारी दुपारी मला मुद्दाम घरी बोलावून माझ्यासमोर भात जेवून दाखवला. दाढही निघाली, या वेळी खाऊन आल्या होत्या. इंजेक्शनआधी दीपालीनं विचारलं तेव्हा काय काय खाल्लं ते मोजून सांगितलं, पार लोणच्यापर्यंत. सर हसून म्हणाले, "पुरे, आता मलाच भूक लागली."

तुमच्यासाठी त्यांचा निरोप आहे, जसाच्या तसा लिहिते: "पोरा, माजी कालजी करू नको. माजे रोजे सुटले. डोला बरा करून मगच ये, लागंल तेवडा टायम घे. मी वाट बघीन."

बाकी घरी सगळं ठीक आहे. ऑक्टोबरचा उकाडा आहे. उरलेलं पत्र लिहायला आज वेळ नाही.

हाजरा


सोहार
शुक्रवार, ७ नोव्हेंबर २०२५

प्रिय हाजरा,

आईचा निरोप वाचून छातीवरचा दगड उतरला. तिला कळलं आणि तिनं सोसलं, मी उगाच भीत होतो. तू हे कसं निभावलंस त्याबद्दल काय लिहू! माझ्यापेक्षा तूच तिचा मुलगा झालीस.

आता घाई राहिली नाही. मी सगळा विचार केला. मला स्टोअरमध्ये बसायचं काम दिलंय, डोळ्यात थेंब हर्षद घालतो, त्रास नाही. ऑपरेशनचा नंबर उन्हाळ्यापर्यंत लागेल म्हणतात. करार संपायला तेवढाच अवधी आहे. म्हणजे डोळा नीट होईल, करार पुरा होईल, आणि पुढच्या पावसाळ्याआधी मी कायमचा येईन. मधेच येऊन परत जाण्यात काय अर्थ आहे? आईचीही हरकत नाही.

तुझं पत्र लहान होतं. दवाखान्यात काम वाढलंय का? स्वतःला जप. चष्मा नाकावर ठेव.

तुझा मुझम्मिल


राजिवडा
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

सलाम.

तुम्ही लिहिलंत, आता घाई राहिली नाही. कोणाला राहिली नाही?

मी आपली सगळी पत्रं आठवून बघितली. मी लिहिलं काय, तर आईंची दाढ, आईंची साखर, आईंचे रोजे. आई दाराकडे बघतात, आई वाट बघतात, आईंसाठी या. चांगल्या सुनेनं नवऱ्याला स्वतःसाठी बोलवायचं नसतं, हे मला कोणी शिकवलं कोण जाणे. गल्फवाल्यांच्या बायका आमच्या आळीत घरटी एक आहेत, आणि एकीच्याही तोंडून मी ते ऐकलेलं नाही. त्या म्हणतात, मुलं आठवण काढतात. त्या म्हणतात, घराचं छप्पर गळतंय. मला मूल नाही आणि छप्पर तुम्ही गेल्या वर्षी नवं घातलंत. मग मी आईंना पुढे केलं. त्या उपाशी राहिल्या तेव्हा मी घाबरले, खरंच घाबरले, पण मनाच्या एका कोपऱ्यात असंही आलं की आता तरी हा माणूस येईल. असं मनात आलं म्हणून मी त्या रात्री नमाजात माफी मागितली.

आता आईंनी तुम्हाला मोकळं केलं. तो निरोप मीच माझ्या हातानं लिहिला, आणि लिहून झाल्यावर माझं स्वतःचं लिहायला हात उचलेना. म्हणून पत्र लहान होतं. दवाखान्यात काम नेहमीइतकंच आहे.

डोळ्याचं म्हणाल तर ऐका. मी दिवसभर लोकांच्या तोंडात बघते. पू बघते, किडलेलं बघते, अपघातात फाटलेला जबडा बघितलाय. माणसं तोंडावर हात धरून येतात, लाजतात, आणि मी म्हणते, हात काढा, मला बघू द्या. तुम्ही मात्र पाच महिने हात धरून बसलात, आणि तोही माझ्यापासून! माझ्या तोंडावर काय येईल म्हणून भिता? मला माहीत नाही काय येईल. बहुतेक रडू येईल. मग त्यात काय बिघडलं? रडून झालं की चहा ठेवीन.

देवदत्त सरांनी चौकशी केली आहे. असली ऑपरेशनं मुंबईलाही होतात, मिरजेलाही होतात, नंबर इथूनही लावता येतो. औषधाचे थेंब घालायला माणूस लागतं, वेळच्या वेळी, स्वच्छ हातानं. ते काम मला येतं. तिथे हर्षद घालतो म्हणे, सोड्यांच्या हातानं.

पण हेही कारणच झालं. ऑपरेशन तिथे जास्त चांगलं होत असेल, करार मोडणं शहाणपणाचं नसेल, सगळं तुमचं बरोबर असेल. आई जेवतात, त्यांची साखर ठीक आहे, त्यांनी तुम्हाला उन्हाळ्यापर्यंत परवानगी दिली आहे. इथे कोणाचंही तुमच्यावाचून अडलेलं नाही, एक मी सोडून.

मी परवानगी देत नाही. कामावरून येते तेव्हा पायरी रिकामी असते आणि रोज मला तिचा राग येतो. मला तुमचा आवाज स्पीकरवरून नको आहे. मला तुम्ही शेजारी हवे आहात, एका डोळ्याचे, चिडके, कसेही. आईंसाठी नको, डोळ्यासाठी नको.

मला तुम्ही हवे आहात. माझ्यासाठी या.

हाजरा